कलिंगड गेलं, खजूर आला: फ्रिजवरच्या एका तक्त्याचं प्रकरण

आधी एक खुलासा. हे प्रकरण म्हणजे कुणा एका माणसाची हुबेहूब हकिगत नाही. आहारसल्ल्याच्या कामात एकाच धाटणीची तक्रार घेऊन माणसं पुन्हा पुन्हा येतात, त्यांचे धागे जोडून हा एक माणूस उभा केला आहे. त्याच्या रक्तातल्या साखरेचे आकडे नमुन्यादाखल आहेत. पदार्थांचे आकडे मात्र प्रसिद्ध तक्त्यांमधले आणि नेहमीच्या मोजमापातले आहेत. त्याला आपण नुसतं ‘गृहस्थ’ म्हणू.

गृहस्थ ५२ वर्षांचे, काम बैठं. वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आली आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ६.३ टक्के. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांप्रमाणे ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. खाणं आवरा, वजन उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, एवढंच सांगितलं. घरी येताच मुलीनं सूत्रं हातात घेतली. इंटरनेटवरून, कुठला पदार्थ रक्तातली साखर किती भरभर चढवतो ते सांगणाऱ्या ग्लायसेमिक इंडेक्सचा म्हणजे जीआयचा तक्ता उतरवला, तीन रंगांत रंगवला आणि फ्रिजवर चिकटवला. ५५ आणि त्याखालचं सगळं हिरवं, ५६ ते ६९ पिवळं, ७० आणि वरचं लाल.

गृहस्थांनी तक्ता पोथीसारखा पाळला. कलिंगड लाल, म्हणून बंद. उकडलेला बटाटा लाल, बंद. पांढरा भात लाल, त्याच्या जागी पिवळ्यातला ब्राऊन राइस आला. दुपारची बिस्किटं गेली, हिरव्यातला खजूर आला. साखरेऐवजी मध आला, खरं तर दोघं एकाच पिवळ्या पट्ट्यातली, पण मधाला पुण्याईचं वलय असतं. रात्री जेवणानंतर डार्क चॉकलेटचे दोन तुकडे, कारण तेही हिरवं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.४ आणि वजन दीड किलो जास्त.

“बाबांनी तीन महिन्यांत एकही लाल पदार्थ तोंडात घातला नाही,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात चिडण्यापेक्षा फसवणूक झाल्याचा सूर होता. गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “कलिंगड सोडलं ते उगाचच का मग?”

या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं होतं. पण ते तसं लगेच सांगून भागलं नसतं.

एक गोष्ट मी दोघांना आधी सांगून टाकली. ६.३ आणि ६.४ यांतल्या फरकावर डोकं धरून बसू नका. एकाच रक्ताचा नमुना दोनदा तपासला तरी एवढा फरक पडू शकतो. आकडा बिघडला असं त्यावरून म्हणता येत नाही. तो सुधारला नाही, एवढं मात्र नक्की म्हणता येतं. वाढलेलं दीड किलो वजन मला जास्त बोलकं वाटत होतं. तक्ता काटेकोर पाळूनही वजन वाढतं, याचा अर्थ पदार्थांची नावं बदलली होती, पण ताटात पडणारं प्रमाण कुणाच्या लक्षातच नव्हतं.

तो आकडा येतो कुठून

जीआयची कल्पना १९८१ सालची. टोरांटो विद्यापीठातले डेव्हिड जेन्किन्स, थॉमस वोल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ आणि शर्करा घेतल्या, निरोगी माणसांच्या छोट्या गटांना उपाशीपोटी खाऊ घातल्या आणि रक्तातली साखर किती चढते ते मोजलं. त्याआधीचा समज असा होता की साखर आणि गोड पदार्थ पटकन चढतात आणि पिष्टमय पदार्थ सावकाश. मोजल्यावर हा समज टिकला नाही. पाव आणि बटाटा साखरेला मागे टाकत होते आणि मसूर, हरभरे संथ चालीनं जात होते.

मोजण्याची पद्धत नीट समजून घेतली की निम्मं प्रकरण उलगडतं. पदार्थाचं एवढं माप घेतात की त्यात पचणारी कर्बोदकं बरोबर ५० ग्रॅम भरतील. तंतू त्यात धरत नाहीत. रात्रभर उपाशी राहिलेल्या किमान दहा माणसांना तो देतात. मग दोन तास ठरावीक अंतरानं बोटातून रक्त घेऊन साखरेचा आलेख काढतात आणि उपाशीपोटीच्या रेषेच्या वर आलेखाखाली किती क्षेत्रफळ येतं ते मोजतात. त्याच माणसांना ५० ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर जे क्षेत्रफळ येतं ते १०० धरायचं आणि पदार्थाचं क्षेत्रफळ त्याच्या किती टक्के ते सांगायचं. हाच जीआय. २०१० पासून या पद्धतीला आयएसओचं मानकही आहे.

आता कलिंगड बघा. त्याचा प्रसिद्ध आकडा ७२, म्हणजे लाल. पण कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात कर्बोदकं जेमतेम साडेसात ग्रॅम, बाकी जवळजवळ सगळं पाणी. ५० ग्रॅम कर्बोदकं भरायला साडेसहाशे ग्रॅमच्या वर गर लागतो. म्हणजे प्रयोगातल्या माणसानं एका बैठकीत पाऊण किलोच्या आसपास कलिंगड संपवलं आणि तो आकडा आला. गृहस्थ खायचे दीडशे ग्रॅमची वाटी.

आणि खजूर? तक्त्यात ४२, हिरवा. पण सुक्या खजुरात पचणारी कर्बोदकं वजनाच्या दोन तृतीयांश. सात-आठ खजुरांत ४०-४५ ग्रॅम सहज भरतात. म्हणजे प्रयोगशाळेतलं माप आणि गृहस्थांची दुपारची मूठ जवळजवळ सारखीच.

म्हणून मी जीआयला वेग म्हणतो. पदार्थातली कर्बोदकं किती भरभर रक्तात उतरतात, एवढंच तो सांगतो. किती उतरणार हे सांगायला त्याच्याकडे शब्दच नाहीत, कारण मोजतानाच सगळ्यांचं प्रमाण सारखं करून टाकलेलं असतं. ही उणीव भरायला १९९७ मध्ये हार्वर्डमधल्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड म्हणजे जीएल वापरात आणला. हिशेब सोपा: जीआय गुणिले आपण खाल्लेल्या भागातली कर्बोदकं, भागिले १००. एका वेळच्या भागाचा जीएल १० पर्यंत कमी, ११ ते १९ मध्यम, २० आणि वर जास्त.

दीडशे ग्रॅम कलिंगड: ११ ग्रॅम कर्बोदकं, जीएल ८. आठ खजूर: ४३ ग्रॅम कर्बोदकं, जीएल १८. लाल रंगवाला ८ वर आणि हिरवा १८ वर.

मुलीनं वहीत हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि थोडा वेळ नुसतीच बघत राहिली.

खजुराबद्दल आणखी एक गंमत तिला सांगितली. २००२ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात खजुराचा आकडा १०३ होता, ग्लुकोजच्याही वर. नंतरच्या मोजणीत तो ४० ते ५० च्या घरात आला. गाजराचंही तसंच. सुरुवातीच्या काळात ते ९२ वर होतं, पुढे ५० च्या खाली उतरलं. त्या ९२ च्या भीतीनं कितीतरी घरांतून गाजर हद्दपार झालं होतं. शिवाय काही तक्ते ग्लुकोजऐवजी पांढऱ्या पावाला १०० धरतात, तिथे सगळेच आकडे फुगलेले दिसतात आणि साधारण ०.७ नं गुणल्यावर जमिनीवर येतात. कुठल्या तक्त्यातून काय उतरवलं हे न बघता रंग भरले तर त्या रंगांना काही अर्थ राहत नाही.

वहीतला हिशेब

पुढचे चार दिवस गृहस्थांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून खाल्लं आणि लिहून ठेवलं. बदलू काही नका, जसं खाता तसंच खा, फक्त तोला, असं मी बजावलं होतं. (तोलायला लागलं की माणूस आपोआप कमी खातो. त्यामुळे वहीतले आकडे खऱ्यापेक्षा थोडे सभ्य असतात, हे मी मनात धरूनच वही उघडतो.)

सकाळी पूर्वी पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस आणि एक अंडं असायचं. आता गव्हाच्या ब्रेडचे चार स्लाइस, वर मध, सोबत संत्र्याचा रस एक पेला. अंडं का गेलं? “तक्त्यात अंडं नव्हतंच,” गृहस्थ म्हणाले. खरंच नसतं. अंड्यात कर्बोदकं नगण्य, मग त्याचा जीआय मोजणार कसा? तक्त्यात नाव नाही म्हणून ज्या पदार्थानं सकाळ सावरून धरली होती तोच ताटातून गेला. मासे, मांस, पनीर, पालेभाज्या, काकडी यांचंही तेच होतं. या तक्त्यांमुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान मला हे वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पांढऱ्या ब्रेडचा जीआय ७५ च्या आसपास आणि गव्हाच्या ब्रेडचा ७४. बहुतेकांना हे खोटं वाटतं. कोंडा आहे, तंतू आहेत, मग फरक का नाही? कारण पिठाच्या चक्कीत दाण्याची तटबंदीच पाडलेली असते. अखंड दाण्यात पिष्टाभोवती भिंती असतात, पाचकरसांना आत शिरायला वेळ लागतो. बारीक दळलं की पिष्ट उघडं पडतं, मग शेजारी कोंडा पडलेला आहे की नाही याची पाचकरसांना फिकीर नसते. ओट्सचं तसंच आहे: जाड ओट्सची लापशी ५५ च्या आसपास, झटपट शिजणारे बारीक ओट्स ७९. गव्हाचा ब्रेड वाईट असा याचा अर्थ नाही. त्यातले तंतू आणि खनिजं आपापल्या जागी मोलाची आहेत. फक्त साखरेच्या बाबतीत त्यानं सूट मिळत नाही, आणि सूट मिळाली असं समजून दोनाचे चार स्लाइस करायला तर मुळीच नको. दोन पांढऱ्या स्लाइसचा जीएल साडेएकोणीस होता. चार गव्हाच्या स्लाइसचा साडेपस्तीस झाला. रसाचे १३ वेगळे, मध वेगळा.

रात्रीची कहाणी अशीच. पूर्वी शिजलेला पांढरा भात २०० ग्रॅम, त्यात कर्बोदकं ५६ ग्रॅम, जीआय ७३, जीएल ४१. आता ब्राऊन राइस ३२० ग्रॅम, कर्बोदकं ७७, जीआय ६८, जीएल ५२. वेग थोडा उतरला, भार चढला. भात ‘चांगला’ झाल्यावर मसुराची वाटी अर्ध्यावर आली होती, पोट भातानंच भरत होतं.

भाताच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. तांदळाचा जीआय ५० च्या खालपासून ९० च्या वरपर्यंत कुठेही सापडतो. पिष्टात अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकार असतात. अमायलोजच्या साखळ्या सरळ आणि घट्ट, त्या फोडायला वेळ लागतो. अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं, त्याला एकाच वेळी दहा ठिकाणी तोडता येतं. शिजल्यावर मोकळा राहणारा तांदूळ बहुधा अमायलोजवाला, चिकट होणारा अमायलोपेक्टिनवाला. त्यामुळे मोकळा पांढरा भात एखाद्या चिकट ब्राऊन राइसपेक्षा संथ निघू शकतो. रंगावरून वेग ठरत नाही.

शिजवून थंड केलेल्या भाताचा, बटाट्याचा विषय मुलीनंच काढला. ते खरं आहे. थंड होताना पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट जुळतो आणि लहान आतड्यात पचत नाही, त्याला प्रतिरोधक पिष्ट म्हणतात. पुन्हा गरम केल्यावरही त्यातलं बरंचसं टिकतं. मात्र भात तासन्‌तास बाहेर ठेवून निववायचा नाही. शिजवूनही तगून राहणारे जिवाणू त्यात वाढतात आणि त्यांचं विष गरम करून जात नाही. लवकर फ्रिजमध्ये टाकायचा. आणि फायदा बेताचाच असतो. ३२० ग्रॅम भात थंड करून खाल्ल्यानं तो १६० ग्रॅमचा होत नाही.

राहिलं चॉकलेट. डार्क चॉकलेटचा जीआय चाळिशीच्या आतबाहेर येतो तो मुख्यतः चरबीमुळे. चरबी पोट सावकाश रिकामं होऊ देते, साखर रेंगाळत उतरते. याच कारणानं बटाट्याच्या तळलेल्या चिप्स उकडलेल्या बटाट्यापेक्षा तक्त्यात ‘चांगल्या’ दिसतात. फ्रुक्टोजचा आकडा तर १५, कारण ते थेट यकृताकडे जातं आणि रक्तातल्या ग्लुकोजच्या मोजणीत फारसं दिसतच नाही. म्हणून ते मुक्तहस्ते खावं असं कुणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. जीआय एकाच गोष्टीची मोजणी करतो आणि आपण त्याच्याकडून सज्जनपणाचा दाखला मागतो.

वाढलेल्या दीड किलोचं कोडं इथे जवळजवळ सुटलं. मध, रस, खजूर, चॉकलेट आणि भाताची चढलेली रास. उष्मांकांना रंग नव्हता, म्हणून ते कुणाला दिसले नाहीत.

ताटाची चाचणी

गृहस्थ हिशेबी माणूस. जीएलचं गणित त्यांना पटलं, पण त्यांचं म्हणणं असं की हा सगळा कागदावरचा मामला झाला. “माझ्या रक्तात काय होतं ते दाखवा.” रास्त मागणी होती. ग्लुकोमीटर घरात होताच. आम्ही रात्रीची तीन ताटं ठरवली आणि प्रत्येक ताट दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यायचं ठरवलं. जेवणाआधी एकदा, पहिल्या घासापासून एका तासानं एकदा आणि दोन तासांनी एकदा. बाकी दिवस शक्य तितका सारखा: दुपारचं जेवण तेच, संध्याकाळी मध्ये काही नाही.

पहिलं ताट नेहमीचं: ब्राऊन राइस ३२०, अर्धी वाटी मसूर. जेवणाआधी सरासरी १०८, एका तासानं २०४, दोन तासांनी १७६.

दुसरं ताट: तोच ब्राऊन राइस, पण निम्मा, १६० ग्रॅम. बाकी तसंच. एका तासानं १६८, दोन तासांनी १४२. भाताचा जीएल ५२ वरून २६ वर आला होता आणि चढ ९६ वरून ६० वर. गणिताची दिशा बरोबर निघाली, पण प्रमाण तंतोतंत नाही. तसं ते निघायलाच नको. शरीर त्रैराशिक मांडत नाही. गृहस्थ मात्र या ताटावर खूश नव्हते. “साडेदहाला पुन्हा भूक लागली,” वहीत लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, “खजूर २.”

तिसरं ताट मी मुद्दाम खोडसाळपणे ठरवलं. लाल रंगातला पांढरा भात, १६० ग्रॅम. पण आधी काकडी-टोमॅटोची मोठी वाटी, मग मसूर पूर्ण वाटी आणि एक उकडलेलं अंडं, आणि भात सगळ्यात शेवटी. कागदावर या ताटाचा जीएल दुसऱ्या ताटापेक्षा बराच जास्त: भाताचे ३३ आणि मसुराचे पाच-सहा. मुलीनं अंदाज केला होता की १८० च्या वर जाईल. एका तासानं १६२, दोन तासांनी १४६. आणि झोपेपर्यंत भूक नाही.

म्हणजे जीएलही सगळं सांगत नाही. तो कर्बोदकांचं प्रमाण आणि वेग यांचा गुणाकार करतो, पण ताटात सोबत काय आहे आणि कुठला घास आधी गेला, हे त्याला ठाऊक नसतं. प्रथिनं आणि भाज्या आधी गेल्या की पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि इन्सुलिनची तयारीही आधी होते. न्यूयॉर्कमधल्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयानं २०१५ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांवर हेच करून पाहिलं: पदार्थ तेच, फक्त क्रम उलटा. भाज्या आणि प्रथिनं आधी घेतल्यावर एका तासाची साखर तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त कमी भरली. ११ म्हणजे मूठभर माणसं, हे लक्षात ठेवूनच तो आकडा घ्यावा. पण पुढच्या कामांतूनही दिशा तीच दिसली आहे, आणि करून बघायला काहीच जात नाही.

आमच्या चाचणीलाही मी फार वजन देत नाही. दोन-दोन दिवसांची सरासरी, आणि मीटर १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवला तरी मानकात बसतो. १६२ आणि १६८ हे माझ्या लेखी एकच आकडे. दुसऱ्या ताटाच्या दोन रात्रींमध्येच एका तासाचे आकडे १५८ आणि १७८ आले होते. २०४ आणि १६५ यांतलं अंतर मात्र मीटरच्या डोक्यावर फोडता येत नाही.

तिसऱ्या ताटावर गृहस्थांचं पहिलं वाक्य काय होतं? “म्हणजे पांढरा भात चालतो.” मी म्हणालो, “अहो, १६० ग्रॅम चालतो, शेवटी चालतो आणि मसुराच्या सोबतीनं चालतो.” ते हसले, पण मला ठाऊक होतं की घरी जाऊन त्या वाक्याचा पहिला तुकडाच सांगितला जाणार. म्हणून मुलीला वेगळं लिहून दिलं.

त्यानंतर जे ठरलं ते फार नाट्यमय नाही. नाश्त्याला दोन स्लाइस आणि अंडं परत आलं, रस बंद, संत्रं सोलून. अखंड संत्र्याचा जीआय रसापेक्षा किंचितच कमी, पण एक संत्रं म्हणजे दहा-अकरा ग्रॅम कर्बोदकं, आणि एक पेला रस म्हणजे २६. दोन-तीन संत्री सोलून खायला माणूस कंटाळतो, पिताना त्याला पत्ताही लागत नाही. दुपारी शेंगदाणे मूठभर किंवा मोसमात कलिंगडाची वाटी. खजूर दोन, जेवणानंतर, तेही हवे असतील तर. रात्री तिसरं ताट, भात कुठलाही. आठवड्यातून दोनदा सकाळी ब्रेडऐवजी उकडलेले हरभरे, कारण कडधान्यांचा असर पुढच्या जेवणापर्यंत टिकतो. जेन्किन्स यांच्याच गटानं ते १९८० च्या दशकात दाखवलं होतं. आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. चालताना स्नायू रक्तातली साखर उचलतात आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट बघत नाहीत. आपल्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं किती? १०० चा आकडा (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम) आणि पाच लिटर रक्त धरलं तर पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. त्या चमच्याच्या हिशेबात चालणाऱ्या पायांचा वाटा मोठा असतो.

गृहस्थ कुठलंही औषध घेत नव्हते, म्हणून एवढे बदल बिनघोर करता आले. इन्सुलिन किंवा साखर थेट खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी भात असा एकदम निम्म्यावर आणू नये. साखर धोकादायक इतकी उतरू शकते. आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी.

जे हाती लागलं नाही

पुढच्या तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.० आणि वजन साडेतीन किलो कमी. मुलगी त्याचं श्रेय जीएलला देते. मी देत नाही, निदान सगळं नाही. वजन उतरलं, रोजचं चालणं सुरू झालं, रस आणि मध सुटला, प्रथिनं परत आली. यातलं कुठलं किती कामी आलं हे एका माणसावरून सांगता येत नाही आणि मी सांगायचा प्रयत्नही करत नाही.

उपाशीपोटीची साखर १०९ वर अडून बसली आहे. गृहस्थांना याचंच दुःख जास्त, कारण रोज सकाळी ती डोळ्यांसमोर येते. पण पहाटेची साखर रात्रीच्या भाताची शिल्लक नसते. ती बहुतांश यकृतानं रात्रभर सोडलेली असते, आणि पहाटेची संप्रेरकं त्याला आणखी हुशारी देतात. तिथे जीआय आणि जीएल दोन्हींचा हात फारसा पोचत नाही. वजन आणखी उतरलं तर कदाचित हलेल. ते डॉक्टर बघताहेत.

आणि एक केळ्याचं कोडं. तक्त्यात केळं ५१, हिरवं. एका मध्यम केळ्यात २४ ग्रॅम कर्बोदकं, जीएल १२. पण गृहस्थांनी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं, तिन्ही वेळा एका तासानं ५५ ते ६० नं चढ, म्हणजे निम्म्या भाताच्या ताटाएवढा. त्याहून जास्त कर्बोदकं असलेल्या दोन स्लाइस आणि अंड्याला मात्र ४० च. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेनं २०१५ मध्ये ८०० माणसांच्या साखरेवर सतत नजर ठेवली, तेव्हा एकाच पदार्थाला वेगवेगळी माणसं कमालीचा वेगवेगळा प्रतिसाद देताना दिसली होती. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठानं २०१६ मध्ये ६३ जणांवर साध्या पांढऱ्या ब्रेडचा जीआय मोजला, तर एकाच माणसात वेगवेगळ्या दिवशी साधारण २० टक्के आणि माणसामाणसांत २५ टक्के तफावत निघाली. तक्त्यातला ५१ ही दहा-बारा अनोळखी माणसांची सरासरी, गृहस्थ त्यांच्यात नव्हते.

त्यांचं म्हणणं, केळी फार पिकलेली होती. असू शकेल, पिकताना केळ्यातल्या पिष्टाची साखर होत जाते. शिवाय ती नुसती, रिकाम्या पोटी खाल्ली होती. तेव्हा आता थोडी कच्ची केळी घेऊन, जेवणाच्या शेवटी, त्याच वजनाची, असं तीन दिवस मोजायचं ठरलं आहे. वहीत त्यांनी पानं आधीच आखून ठेवली आहेत.